काकांची गोळी

माझी बोटं सकाळी नऊपर्यंत माझं ऐकत नाहीत. आमवाताला आता बरीच वर्षं झाली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, रोजची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मधूनमधून स्टेरॉइड, एवढं करूनही मनगटं सुजलेलीच राहिली, तेव्हा डॉक्टरांनी बायोलॉजिक इंजेक्शनांचा विषय काढला. पण त्याआधी तपासण्या. छातीचा एक्स-रे, काविळीच्या दोन चाचण्या, एचआयव्ही आणि 'टीबी गोल्ड' ही क्षयाच्या लागणीची रक्तचाचणी. बाकी सगळं ठीक आलं, टीबी गोल्ड तेवढी पॉझिटिव्ह. खोकला नाही, ताप नाही, वजन तर उलट वाढलेलं.

"टीबी झालेला नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "जंतू आत निजलेला आहे. घरात पूर्वी कुणाला होता का?"

विचारून सांगते, म्हटलं. मी एसटीच्या हिशेब खात्यात नोकरी केली, ठाण्यात खोपटच्या स्टँडमागेच राहते. जुनी नोंद सापडेपर्यंत चैन पडत नाही हा त्या खात्याने लावलेला रोग, त्यावर औषध नाही. कल्याणच्या आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "आपल्यात कुणाला नव्हता हं. भाऊला दमा होता."

भाऊकाकांना दमा नव्हता. साल १९७०च्या आसपास, आम्ही कोलबाडच्या चाळीत राहायचो, एका खोलीत आठ माणसं. काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते. दम्याला दिवसाआड कमरेत सुई टोचत नाहीत. त्या सुयांनंतर काकांना चक्कर यायची, गॅलरीतून नळावर जाताना ते भिंतीला हात लावत लावत जायचे. पुढे ऐकूही कमी येऊ लागलं. आम्हा मुलांना वाटायचं, काका मुद्दाम ओ देत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिन कानाच्या आतल्या नसेला इजा करतं, तोल आणि ऐकणं दोन्ही बिघडवतं, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

काकांची कपबशी वेगळी होती. निळ्या काठाची, खिडकीच्या वरच्या फळीवर पालथी ठेवलेली. आजी ती राखेने वेगळी घासायची आणि आम्हाला हात लावू द्यायची नाही. रात्री मात्र पावसाची झड आत येते म्हणून तीच खिडकी बंद करून आम्ही सगळे एका ओळीत झोपायचो, काकांच्या शेजारी मी. क्षयाचा जंतू कपबशीतून जात नाही, खोकल्यातून हवेत जातो आणि कोंडलेल्या खोलीत तरंगत राहतो. कप वेगळा, हवा एकच, असा आमचा बंदोबस्त होता.

तरी तो जंतू काकांचाच, असं मी छातीठोक सांगणार नाही. जंतूवर कुणाचं नाव नसतं. ठाण्याच्या गाडीत, लालपरीत, शाळेच्या वर्गात, कुठेही मिळाला असेल. पण ठाणे-कल्याणच्या या पट्ट्याचा आणि या आजाराचा ऋणानुबंध चाळींहून जुना आहे.

आनंदीबाई जोशी या कल्याणच्या जोशी घराण्यातल्या. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं ते २४ मार्च १८८२ रोजी. पुढच्याच वर्षी आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्या डॉक्टर झाल्या तेव्हा शत्रूचं नाव माहीत झालं होतं, हत्यार नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या क्षयाने गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा त्यांची वाट बघत राहिली.

दुसरं नाव तर ठाणेकरांच्या रोज तोंडात असतं. गडकरी रंगायतन ज्यांच्या नावाचं, ते राम ग. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला क्षयाने गेले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. 'भावबंधन' त्यांनी अगदी शेवटच्या दुखण्यात पुरं केलं. त्या काळात क्षयावर उपाय म्हणजे हवा, दूध, अंडी आणि विश्रांती. ज्यांना परवडायचं ते पाचगणीला जात. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी तिथे १९१२ साली बेल-एअर सॅनिटोरियम काढलं. मिरजेला वॉनलेस डॉक्टरांच्या मिशनने क्षयरोग्यांची सोय केली. गरिबांसाठी पुढे मुंबईत शिवडीचं इस्पितळ आलं, आणि 'त्याला शिवडीला नेलाय' एवढं म्हटलं की गिरणगावात पुढचं कुणी विचारत नसे.

ते १९१२ साल मला स्वस्थ बसू देत नाही. त्याच वर्षी प्राग शहरात मायर आणि माली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक नवा पदार्थ तयार केला, त्याची कृती छापली आणि विषय संपवला. त्याचा काही उपयोग असेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो पदार्थ म्हणजे आयसोनियाझिड. क्षयावर तो रामबाण आहे हे उमगायला १९५२ उजाडलं. म्हणजे गडकरी सावनेरला पडून होते तेव्हा त्यांचं औषध जगात तयार होऊन सात वर्षं झाली होती, छापील कागदात. गडकऱ्यांनीच रचावा असा क्रूर विनोद.

या सगळ्यात १९४८ हे साल माझ्या विशेष आवडीचं, कारण त्याच्या १ जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. आमच्या खात्यात ही तारीख कुणालाही झोपेतून उठवून विचारा. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंध्रातल्या मदनपल्लीला बीसीजीची लस टोचायला सुरुवात झाली. सप्टेंबरात अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. ऑक्टोबरात ब्रिटिशांनी स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निकाल छापले. कामगार विमा कायदाही त्याच वर्षीचा. त्या कायद्यामुळेच काकांना औषधं मिळाली आणि आजारपणाचा पगारही. नाहीतर घरात खायचे वांधे होते.

आता मद्रास. तिथे १९५६ साली क्षयाच्या औषधोपचाराचं केंद्र सुरू झालं आणि वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: रुग्णाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं काय आणि दाटीवाटीच्या घरात ठेवून गोळ्या दिल्या काय, फरक पडतो का? १९५९ साली उत्तर आलं, फारसा पडत नाही. घरी राहिलेले रुग्ण कमी खात होते, जास्त राबत होते, तरी तितकेच बरे झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली नाही. लागण व्हायची ती औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. या एका अभ्यासाने जगभरची सॅनिटोरियमं ओस पडायला लागली आणि भारताचा १९६२चा राष्ट्रीय कार्यक्रम घरच्या उपचारांवर उभा राहिला. काका घरीच राहिले ते त्यामुळे. आजीच्या हातचं खाऊन बरे झाले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत कारखान्यात गेले. त्यांच्यापासून आम्हाला धोका होता तो निदानाआधीच्या महिन्यांत, जेव्हा घरात सगळे त्यांना 'सर्दी भिनलीय' म्हणत काढा देत होते.

आमवाताचा इतिहास मी वेगळा वाचायला घेतला तर त्यातही पानोपानी क्षयच. पूर्वी आमवातावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं देत. का, तर सोन्याचं एक संयुग परीक्षानळीत क्षयाचा जंतू वाढू देत नाही असं कॉखला १८९० साली दिसलं होतं. मग सोनं क्षयावर वापरून झालं. फ्रान्समधल्या जाक फोरेस्तिए यांना वाटलं की आमवात हा क्षयाचाच चुलतभाऊ असणार. त्यांनी १९२९ साली सोनं आमवातावर वापरल्याचं लिहिलं. तर्क साफ चुकीचा, पण सांध्यांना थोडा गुण आला आणि सोनं पुढे अनेक दशकं टिकलं. क्षयावर मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

माझी मेथोट्रेक्सेटची गोळी त्यामानाने घरची म्हणायची. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करत होते. त्यांच्या हाताखाली आधी फॉलिक ॲसिड बनलं, मग त्याला अडवणारी औषधं. आठवड्यातून एक दिवस मी अडवणारं घेते, दुसऱ्या दिवशी अडवलेलं भरून काढणारं, आणि दोन्ही गोळ्यांचं माहेर एकच. सुब्बारावही १९४८ सालीच गेले.

कॉर्टिझोनचं कौतुक फार टिकलं नाही. पन्नासच्या दशकात लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते घेणाऱ्यांच्या अंगात जुना, विझलेला वाटणारा क्षय पुन्हा पेटतो. शरीराचा दाह दाबला की पहाराही दबतो. इशारा एवढा स्पष्ट मिळाला होता. तरी पन्नास वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवावा लागला, हे मला वैद्यकशास्त्राबद्दल आदर ठेवूनही खटकतं.

झालं असं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी दाखवलं की आमवातात सांधे सुजवणाऱ्या रेणूंमध्ये टीएनएफ हा मुख्य. त्याला बांधून ठेवणारं प्रतिद्रव्य दिलं की वर्षानुवर्षांची सूज उतरते. हे प्रतिद्रव्य, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत आमवातासाठी १९९९ साली मंजूर झालं. कुणी काठी टाकली, कुणी पुन्हा शिवणयंत्रावर बसलं. आणि २००१च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला: या औषधानंतर क्षय झालेले ७० रुग्ण. साधारण निम्म्या जणांना उपचार सुरू केल्यापासून बारा आठवड्यांच्या आतच. ७० पैकी ४० जणांचा क्षय फुफ्फुसांबाहेरचा, गाठींत, पोटात, मेंदूच्या आवरणात. काही जण दगावले. आणि बहुतेक रुग्ण क्षय विरळ असलेल्या देशांतले.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. क्षयाचा जंतू शरीरात शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती वेढा घालून गाठ बनवतात आणि त्याला आत डांबतात. तो मरत नाही, पडून राहतो. डेपोत बाजूला लावलेल्या गाडीसारखा: इंजिन बंद, टाकीत डिझेल, चाकांना लाकडी ठोकळे. तो वेढा बांधून ठेवणारा रेणू म्हणजेच टीएनएफ. माझी मनगटं सुजवणारा आणि काकांच्या खोलीतला जंतू पन्नास वर्षं अडवून धरणारा, दोन्ही एकच. सांध्यांसाठी त्याला बांधलं की ठोकळे निघतात.

तेव्हा 'बायोलॉजिकआधी क्षयाची चाचणी' हा नियम कुणा टेबलामागे बसलेल्या माणसाने सुचवलेला नाही, तो रुग्णांच्या जिवावर आलेला आहे. २००१ सालीच औषधाच्या पत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापला गेला. स्पेनमध्ये २००२पासून आधी चाचणी आणि लागलं तर आधी प्रतिबंधक औषध अशी शिस्त लावली, आणि तिथल्या बायोलॉजिक घेणाऱ्यांमधला क्षय पाहता पाहता खाली आला.

आपल्याकडे गणित अवघड. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाची लागण आढळली. लागण, आजार नव्हे. त्यांतल्या दहातल्या नऊ जणांना जन्मात आजार होत नाही. म्हणजे खोपटच्या स्टँडवर भिवंडीच्या गाडीसाठी उभी असलेली रांग मोजली तर दर तिसरा माणूस माझ्यासारखा निघायचा. रिपोर्टवरच्या शब्दाने माझे शेजारी दचकले, त्यांना मी हेच सांगितलं: तुमचीही करून बघा.

चाचण्यांचीही एक गंमत आहे. कॉखने १८९० साली ट्युबरक्युलिन हे क्षयावरचं औषध म्हणून गाजवलं आणि तोंडघशी पडला. औषध म्हणून ते निकामी ठरलं, चाचणी म्हणून अमर झालं. शार्ल मांतू यांनी १९०८ साली ते कातडीत टोचायची पद्धत बसवली. आजही हातावर सुई टोचतात, दोन-तीन दिवसांनी फुगलेला, कडक झालेला भाग पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. पण लहानपणी बीसीजी टोचलेल्यालाही ती फुगू शकते आणि स्टेरॉइड घेणाऱ्याला खरी लागण असूनही कधी फुगत नाही. टीबी गोल्डला बीसीजीचा गोंधळ होत नाही, पण ती महाग. मधला मार्ग म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'साय-टीबी' ही कातडीवरची नवी चाचणी २०२२ साली मंजूर झाली. एक मात्र लक्षात ठेवायचं: यांतली कुठलीही चाचणी जंतू निजलेला की जागा हे सांगत नाही. त्यासाठी एक्स-रे, तपासणी आणि डॉक्टरांचे ते कंटाळवाणे प्रश्न.

केंद्र सरकारने २०२१ साली प्रतिबंधक उपचारांच्या सूचना काढल्या, त्यांत टीएनएफ अडवणारी औषधं सुरू करणारे रुग्णही धरले आहेत. दोन मुख्य रस्ते: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. मला पहिला मिळाला.

केमिस्टने पाकीट दिलं आणि नाव वाचून मी काउंटरवरच थबकले. आयसोनियाझिड, ३०० मिलिग्रॅम. काकांच्या पत्र्याच्या डब्यात स्ट्रेप्टोमायसिनच्या बाटल्यांशेजारी असायची ती हीच. मधल्या काळात क्षयाची औषधं बदलली, रिफाम्पिसिन आलं, दीड-दोन वर्षांचे उपचार सहा महिन्यांवर आले, सुया गेल्या. ही गोळी तेवढी जागची हलली नाही. काकांनी ती जागा झालेला जंतू मारायला घेतली, मी निजलेला मारायला. सोबत हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-सिक्स, आणि मेथोट्रेक्सेट न् आयसोनियाझिड दोन्ही यकृतावर येतात म्हणून ठरावीक काळाने एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी. पहिला महिना नुसती गोळी, मग बायोलॉजिकचं पहिलं इंजेक्शन. ते अदालिमुमॅब होतं, भारतीय बनावटीचं. झायडसने २०१४ साली त्याची देशी आवृत्ती काढली नसती तर माझ्यासारख्या एसटीच्या माणसाने त्याचं नावही घेतलं नसतं. अजूनही ते स्वस्त नाहीच.

गोळीने सगळं निभावतं असंही नाही. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात औषधांना न जुमानणारा क्षय बराच आहे, आणि ज्याच्या अंगातला जंतू आयसोनियाझिडला दाद देत नाही त्याला सहा महिन्यांची गोळी पुरत नाही. शिवाय नवी लागण कधीही होऊ शकते. म्हणून चाचणी एकदा झाली की सुटलो असं होत नाही. इंजेक्शनं चालू असताना दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, गळ्यात गाठ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

यापेक्षा मला काळजी आहे ती पुड्यांची. एसटीत इतकी वर्षं काढल्यावर स्टँडवर काय काय विकलं जातं ते मला ठाऊक आहे. 'सांधेदुखीवर हमखास', तीन दिवसांत गुण, बिनालेबलाची पुडी. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं पुष्कळदा सापडलेलं आहे, गुण येतो तो त्याचाच. म्हणजे बायोलॉजिक घेणाऱ्या मला पाच चाचण्या आणि सहा महिने प्रतिबंधक गोळी, आणि पुडी खाणाऱ्या माझ्या कामवाल्या बाईंना काहीच नाही, ना एक्स-रे, ना प्रश्न. जंतूला पुडी आणि इंजेक्शन यांतला फरक कळत नाही.

आत्याशी मी पुन्हा बोलले. काकांची गोळी मी घेतेय म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग घडाघडा बोलली. काकांच्या आधी आजोबांचे भाऊ, ते 'तापाने गेले'. तिच्या सासरी एक जाऊ, तिला 'अशक्तपणा'. मुलींची लग्नं अडतील म्हणून कुणाचा दमा झाला, कुणाचा मानेवरचा चट्टा पडल्याचा झाला. मी तिला दोष देत नाही, त्या काळी स्थळं खरोखर मोडायची. पण त्या झाकपाकीमुळे आज डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतात तेव्हा तीन पिढ्या मिळून 'नाही' म्हणतात.

म्हणून ज्यांच्या घरी आमवात, सोरायसिस किंवा आतड्याच्या सुजेचा रुग्ण आहे, त्यांना माझं सांगणं आहे. घरातली ऐंशीच्या पुढची माणसं आहेत तोवर त्यांना विचारा: कुणाला सुया लागल्या होत्या, कुणाची कपबशी वेगळी होती, कुणाला शिवडीला नेलं होतं. नाव, नातं, साधारण साल, एका कागदावर लिहा आणि तो कागद रुग्णाच्या फाइलीत पहिल्या पानावर लावा. आणि डॉक्टर टीबीची चाचणी न करताच बायोलॉजिक सुरू करू म्हणाले, तर चाचणी आधी करा, असं तुम्हीच म्हणा.